मोत्यांच्या व्यापाऱ्याचे हात

कुवेत
६ मार्च १९७७

ती. उल्काताईस,
शि. सा. न. वि. वि.

आजोबांचं चित्र सापडलं, तेही इथे! गेल्या आठवड्यात बू नासर नावाचे एक म्हातारे अरब मनगट मोडून माझ्याकडे एक्स-रेला आले. अस्खलित मुंबई हिंदी बोलत होते. त्यांचे आजोबा मोती विकायला मुंबईला जात आणि तिथल्या एका चित्रकाराने त्यांचं चित्र काढलं होतं, असं कळलं. शुक्रवारी त्यांच्या सलवा भागातल्या घरी गेलो. पाहुण्यांच्या बैठकीत चित्र टांगलेलं, वरच्या कोपऱ्यात सही पुंडलिक आरोंदेकर, १८९८.

चेहरा आणि सही, दोन्हींचे फोटो पाठवतो आहे. चित्राच्या खालीच ते लोक रोज धूप जाळतात, त्यामुळे खालचा भाग पार काळवंडला आहे. तो घेतला नाही. आजोबांवरच्या तुझ्या पुस्तकाला आता कळस चढला म्हण. आप्पांनाही दाखव. आपल्या वडिलांबद्दल एकदा तरी चांगला शब्द काढतील.

तुझ्या लोभातला,
शरद

वेंगुर्ला
२ एप्रिल १९७७

चि. शरद यास अनेक उत्तम आशीर्वाद.

फोटो पोचले. चेहरा फार सुरेख आहे. पण आप्पांनी ते भिंगाखाली धरले, मागूनपुढून पाहिले आणि विचारलं की हात कुठे आहेत. मग आजवर कधी न बोललेलं बोलले. साहेब असो, न्यायाधीश असो, संस्थानिक असो, चित्रासाठी बसायला वेळ कोणालाच नसे. आजोबा चेहरा उतरवून घेत आणि गिऱ्हाइकाचे कपडे घरी आणत. ते अंगावर चढवून आजी बसायची. चित्रातले हात सगळे तिचे. त्या अरबाचा काळा झगा घालून ती बसली असताना पाच वर्षांचे आप्पा तिच्या मांडीवर चढायला गेले आणि त्यांना चापट बसली, एवढंच त्यांना आठवतं. पुढच्या वर्षी ती प्लेगात गेली. जगाचे चेहरे रंगवले, बायकोचा नाही, हा त्यांचा वडिलांवरचा राग. आईचा चेहरा त्यांना आठवतसुद्धा नाही.

तेव्हाची चित्रं साहेबांबरोबर विलायतेला गेली. आपल्याला ठाऊक आहेत ती सगळी आजी गेल्यानंतरची, आणि त्यांत हात शालीखाली नाहीतर खिशात. आजोबांना हात जमत नसत, असं जाणकारांनी ठरवून टाकलं आणि मीही तेच लिहिलं. आता ते प्रकरण फाडते.

अरे, अख्ख्या कुवेतच्या हातांचे फोटो काढतोस आणि सख्ख्या आजीचेच तेवढे राहिले? आप्पांचा एक डोळा गेलाच आहे, दुसराही चालला. पुन्हा जा.

आशीर्वाद आहेतच, पण आधी हात पाठव.
तुझी ताई

कुवेत
१८ सप्टेंबर १९७७

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझी रागाची तिन्ही पत्रं मिळाली. मी काय करू? बू नासर उन्हाळाभर लंडनला, आणि ते नसताना मुलगा चित्राला हात लावू देईना. ते परतल्यावर दिवे लावून अख्खं रीळ संपवलं, तर धुऊन आलं नुसतं डांबर. इथल्या राई भागातला फ्रेमवाला म्हणाला की सोड्याने घासून लखलखीत करून देतो. त्याला कोपरापासून हात जोडले.

बू नासर हसून म्हणाले की माझ्या हाताचा एक्स-रे काढलास, तसा आजोबांच्या हाताचाही काढ. मी ते खरंच मनावर घेतलं आणि आमच्या डॉक्टरांना विचारलं. यंत्र रोग्यांसाठी आहे, हौसेसाठी नाही, असं त्यांनी चार माणसांत ऐकवलं. वैताग आला आहे. आप्पांना काय सांगायचं ते तूच सांग.

लोभ उरला असेल तर असू द्यावा.
शरद

कुवेत
२३ ऑक्टोबर १९७७

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

बू नासर मनगट दाखवायला आले ते चित्रच गाडीत घालून. त्यांच्या तोंडावर नाही म्हणायची डॉक्टरांची छाती झाली नाही.

सोबतची फिल्म उजेडासमोर धर. पांढऱ्या रंगात शिसं असतं, ते तेवढं उमटलं. काजळी आणि काळा झगा यंत्राला दिसलेच नाहीत. ताई, बाहीखाली बांगड्या आहेत. अरबाच्या चित्रात त्यांचं काय काम? तरी आजोबांनी आजीचे हात बांगड्यांसकट रंगवले आणि मग वरून बाही चढवली. मी त्या अंधाऱ्या खोलीत रडलो.

फिल्म मापात खरी असते, आणि चित्र माणसाच्या पूर्ण मापाचं आहे. आप्पांना सांग, आजीचे हात होते तेवढेच आहेत.

तुझा शरद

वेंगुर्ला
९ नोव्हेंबर १९७७

चि. शरद यास अनेक उत्तम आशीर्वाद.

फिल्म खिडकीच्या काचेला लावली. फोटोतलं काही दिसत नाही म्हणणाऱ्या आप्पांना हे पांढरे हात लगेच दिसले. बांगड्यांवरून बोट फिरवलं. वडिलांबद्दल चांगलंवाईट काहीच बोलले नाहीत. मग आपला पंजा त्यांनी फिल्मवरच्या आईच्या हातावर ठेवला, तर तिची बोटं यांच्या बोटांखाली पार झाकून गेली. मी खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत.

शेवटी मला म्हणाले, "एवढासाच होता गं हात तिचा. तेव्हा केवढा लागला होता."

फिल्म परत मागू नकोस.
तुझी ताई