पिवळा पडदा, परत एकदा

४ जून

ति. मावशीस सा. न. वि. वि.

मी सात वर्षांची असताना तू मला म्हणाली होतीस, “परत करून दाखव.” मी टाळी वाजवली की शेजारचं मांजर येतं, असं मी जाहीर केलं होतं. एकदा आलंही होतं. सगळ्यांनी कौतुक केलं, तू तेवढी तसं म्हणालीस. मांजर आलं नाही. पुढे मी तुझ्यासारखी मानसशास्त्रात शिरले, त्याचं खापर तुझ्यावर आणि त्या मांजरावर निम्मं निम्मं फोडते.

आता अवघड भाग. आमच्या विभागात जुने गाजलेले प्रयोग जसेच्या तसे परत करून बघायचं काम सुरू आहे. चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्या वाट्याला तुझाच आला. चिठ्ठी बदलून मागितली, सर नाही म्हणाले. तू केलंस तसंच केलं. एका खोलीला पिवळा पडदा, दुसरीला निळा. लोकांना वाट बघत बसवायचं, समोरच्या बाईच्या हातून बटणांचा डबा सांडायचा आणि मदतीला किती जण वाकतात ते बघायचं. तुझ्याकडे पिवळ्या खोलीतले दुप्पट लोक वाकले होते. आमच्याकडे दोन्ही खोल्यांत सारखेच. तुझ्या दसपट माणसं बसवली, तरी सारखेच.

तुझ्या त्या एका शोधनिबंधामुळे कितीतरी दवाखान्यांच्या भिंती पिवळ्या झाल्या. माझ्या दातांच्या डॉक्टरच्यासुद्धा. त्या खुर्चीत कोणी उदार झाल्याचं ऐकलं नाही, ते सोड. आमचं काय चुकलं तेवढं सांग. फोनवर तुला सोयीनुसार ऐकू येत नाही, म्हणून पत्र.

लोभ आहेच, तो हे पत्र वाचून संपेपर्यंत टिकवावास.

तुझी शंकासुर

१५ जून

चि. शंकासुर हिस अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद आधीच देऊन टाकले, खाली उरतील असं वाटत नाही.

पाकिटात तुझ्या पडद्याचा तुकडा मिळाला. याला पिवळा म्हणतेस? याला कावीळ म्हणतात. माझा पडदा सकाळच्या उन्हासारखा होता. आणि बटणं प्लास्टिकची! त्यांच्यासाठी मीही वाकले नसते. शिवाय तुमच्या काळातली माणसं खाली बघतात ती फक्त मोबाइलमध्ये, त्यांना सांडलेलं काय दिसणार? तुझे सर शाळेत होते तेव्हा माझा निबंध पाठ्यपुस्तकात होता, हे त्यांना सांग. किंवा नको. ठाऊक असेल, म्हणूनच ती चिठ्ठी निघाली.

खरा पडदा पाठवते आहे. इतकी वर्षं शिवणयंत्रावर पांघरलेला होता. धुऊन त्याला इस्त्री केली आहे. तुझ्या आईचा बटणांचा डबाही सोबत आहे. हे घेऊन प्रयोग कर आणि मग मला माफीचं पत्र लिही. सुवाच्य अक्षरात.

कळावे. निदान तुला तरी कळावे.

मावशी

९ ऑगस्ट

चि. पिल्लूस अनेक आशीर्वाद.

खरा पडदा लावूनही सारखेच लोक वाकले, हे वाचलं. ताईला अजून कळवलं नाहीस ते बरं केलंस. तुझा खोकला मात्र डॉक्टरला दाखव, भिंत कुठल्याही रंगाची असो.

ताईच्या प्रयोगाच्या त्या उन्हाळ्याचं विचारलंस. मी आपली ताईच्या मदतीला गेलेली, मला काय कळतंय त्यातलं! तिला मदतनीस मिळेना म्हणून आम्ही दोघींनी एकेक खोली वाटून घेतली. निळ्या खोलीत पंख्याचा वारा थेट मानेवर यायचा आणि माझी मान धरायची, म्हणून निळी तिने घेतली, पिवळी मला दिली. काय मजा यायची! मी डबा सांडला की लोक धावायचे, मग गप्पा मारत बटणं वेचायची. एका आजोबांनी तर मला त्यांच्या नातवासाठी मागणी घातली होती.

ताईच्या खोलीतून मात्र आवाजच नाही. ती डबा सांडायची आणि लोकांकडे बघत बसायची. कशी बघते ते तुला ठाऊक आहे. त्या खोलीतून बाहेर आलेले एक गृहस्थ मला म्हणाले होते, की बाईंनी डबा सांडला तेव्हा आपलंच काहीतरी चुकलं असं वाटलं, जागचं हलायची हिंमत झाली नाही.

याचा तुला काही उपयोग नसणार, आठवलं म्हणून लिहिलं. वेळेवर जेवत जा, म्हणजे माझी माया सत्कारणी लागेल.

आई

२ सप्टेंबर

चि. शंकासुर हिस आशीर्वाद.

आईच्या पत्राची नक्कल मिळाली. दोनदा वाचली. म्हणजे पडदा काहीच करत नव्हता. जे काय करत होतं, ते माझं तोंड.

अर्धा उन्हाळा झाल्यावर खोल्यांची अदलाबदल करायला हवी होती. पुढे जन्मभर मी पोरांना हेच शिकवलं, आणि स्वतः मात्र धाकट्या बहिणीच्या मानेपुढे विसरले.

निबंध चुकला त्याचं फारसं नाही, निबंध चुकतात. पण लहानपणी घरी पाहुणे आले की तिच्याशी बोलायचे आणि मला अभ्यास कसा चाललाय विचारायचे. निदान प्रयोगात तरी असलं काही शिरणार नाही असं वाटलं होतं. ते तिथेही येऊन बसलं, आणि मी त्याला पिवळा रंग समजले.

छाप तू. मला विचारू नकोस. पडद्याचं फडकं कर.

मावशी

९ सप्टेंबर

ति. मावशीस सा. न. वि. वि.

फडकं करणार नाही. पडदा माझ्या खिडकीला लावला आहे. स्वभावात फरक नाही, आईला विचार.

छापण्याआधी एकच गोष्ट उरली आहे, तीही तूच शिकवलेली. अदलाबदल. निळ्या खोलीत आई, पिवळ्या खोलीत तू. आई मानेला मफलर गुंडाळून तयार आहे. लेखावर पहिलं नाव तुझं, दुसरं माझं. आईला नाव नको, तिला फक्त ते आजोबा आठवतात.

तू म्हणशील, आपल्यासाठी कोणी वाकत नाही हे आता चारचौघांत सिद्ध करायचं का? कदाचित तसंच निघेल, खोटं कशाला सांगू. पण त्या मांजराची पुढची गोष्ट तू विसरलीस. मी रडत पलंगाखाली जाऊन बसले होते. सगळे उभ्या उभ्या हाका मारत होते. तू तेवढी चष्म्यासकट सरपटत आत आलीस, धुळीत माझ्याशेजारी आडवी झालीस आणि अंधार पडेपर्यंत माझ्याबरोबर टाळ्या वाजवल्यास. मांजर आलं नाही. पण माझ्यासाठी इतकं वाकलेलं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही. निरीक्षण एकच आहे, त्यावर निबंध होत नाही, ठाऊक आहे.

तुझं उत्तर ‘नाही’ असणार हेही ठाऊक आहे. त्यासाठी पत्ता लिहून, तिकीट लावून पाकीट सोबत ठेवलं आहे. तरीही विचारते. मावशी, परत करून दाखवशील?

तुझी शंकासुर