मोरीजवळचा तांब्या

सोलापूर, ४ ऑक्टोबर १९७४

चि. सौ. दाक्षायणी हिस अक्काचे अनेक आशीर्वाद.

महिनाभर तुझं पत्र नाही, म्हणून मीच लिहायला बसले. घट बसायच्या आत स्वयंपाकघर साफ करायला काढलंय. आमची खोली तुला ठाऊकच आहे. खिडकी एकच, स्टोव्हचा धूर सगळा भिंतीवर. डबे राखेनं घासले, पितळेला चिंचेचा कोळ लावला, चुना मीच फासला. निखाऱ्यावर कडुलिंबाचा पाला टाकून धुरी दिली, तशी झुरळं कमी झाली. पण मोरीचा वास काही जाईना. सासूबाई जेवताना नाकाला पदर लावतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण नाक लई तिखट! पावडर आणा म्हटलं तर हे म्हणतात, एवढ्या महागाईत पावडर कसली, राख संपली काय? नळही एक दिवसाआड. तुझे रेवणप्पा साबणाच्या कारखान्यात आहेत, त्यांना काही स्वस्तातलं ठाऊक असलं तर विचार की.

सासूबाईंचा तुला आशीर्वाद. माया पातळ करू नकोस.
तुझी अक्का, दानम्मा

मोहोळ, ८ ऑक्टोबर १९७४

ती. सौ. अक्कास दाक्षायणीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पिळलेल्या लिंबाच्या सालींना मीठ लावून ओटा घास, तेलकटपणा निघतो. मोरीला मात्र कॉस्टिक सोडाच पाहिजे. ह्यांनी कारखान्यातून थोडं आणलंय. मालकाला विचारलेलं नाही, तेव्हा कुणापाशी बोलू नकोस. रविवारी हे सोलापूरला येतील तेव्हा पुडी देतील. पाण्यात टाकलं की पाणी आपोआप कढत होतं, घाबरू नकोस. गार झालं की मोरीत ओत आणि तासाभरानं खराट्यानं घास. हाताला लागू देऊ नकोस, मागं माझी बोटं सोलली होती. मग सासूबाईंना म्हणावं, आता पदर खाली घ्या!

दाजींना नमस्कार. आठवण ठेव.
तुझी दाक्षायणी

सोलापूर, २० ऑक्टोबर १९७४

चि. सौ. दाक्षायणी हिस आशीर्वाद.

कसं लिहू कळत नाही. सासूबाई शुक्रवारी गेल्या. आमच्याकडे घट बसले नाहीत.

सोमवारी मी कॉस्टिक स्टीलच्या तांब्यात कालवलं आणि गार व्हायला मोरीजवळ ठेवलं. तेवढ्यात खाली नळ आला म्हणून घागरी घेऊन गेले. वर येते तर सासूबाई गळा धरून जमिनीवर. पाणी समजून दोन घोट घेतले होते. दवाखान्यात चार दिवस होत्या. थेंबभरही गिळता येईना, आवाज गेला. माझा हात मात्र सोडत नव्हत्या.

पोलिसानं विचारलं, कुठून आणलं. मी म्हटलं, बाजारातून. तुझं पत्र जाळून टाकलंय. रेवणप्पांची नोकरी जायला नको. माझी नणंद सोनाबाई चारचौघांत म्हणाली, आंधळीला सांभाळायचा हिला कंटाळा आला होता. हे तिथंच बसले होते, मान खाली घालून. आता चाळीतल्या बायका नळावर माझ्या घागरीशेजारी घागर ठेवत नाहीत. चूक माझीच आहे. तुम्ही दोघं इतक्यात इकडे येऊ नका.

तुझी अक्का

मोहोळ, २३ ऑक्टोबर १९७४

ती. दाजी यांस दाक्षायणीचा शि. सा. नमस्कार.

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, आज लिहिते. ते कॉस्टिक बाजारातलं नाही, आमच्या घरचं. ह्यांनी कारखान्यातून न विचारता आणलं आणि मी अक्काला वापरायला सांगितलं. हाताला लावू नको एवढंच मी लिहिलं. पोटात गेलं तर माणूस मरतं, पिण्याच्या भांड्यात कालवू नको, हे लिहायचं मला सुचलं नाही. उलट तुमच्या आईची थट्टा केली. ते आठवलं की घास उतरत नाही.

गेल्या साली त्यांचा पाय सुजला तेव्हा महिनाभर अक्का माहेरी फिरकली नाही. तिच्यावर असा आळ कसा येतो? हे पत्र पोलिसांना दाखवा. नोकरी गेली तर जाऊ दे, असं ह्यांचंही म्हणणं आहे. खाली त्यांची सही आहे.

लहान तोंडी मोठं बोलले असेन तर पदरात घ्या.
दाक्षायणी
रेवणप्पा

सोलापूर, २८ ऑक्टोबर १९७४

सौ. दाक्षायणी यांस विरुपाक्षचा स. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. तुम्ही तुमची चूक लिहिलीत, आता माझी ऐका.

त्या सोमवारी मी घरातच होतो, दुसऱ्या पाळीला जायचं होतं. नळाला जाताना दानम्मानं दारातून सांगितलं, त्या तांब्याला कुणी हात लावू नका, अव्वांवर लक्ष ठेवा. मी हूं म्हटलं. पेपर वाचत होतो, कानात काही शिरलं नाही. थोड्या वेळानं आईनं पाणी मागितलं. मी मान वर न करता म्हटलं, मोरीजवळ तांब्या हाय बघ, घे की. माझ्याच तोंडचे शब्द आहेत.

मला बजावून गेली होती, हे दानम्मानं पोलिसाला सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. सोनाबाई बोलली तेव्हाही नाही.

काल मी सोनाबाईला आणि भेटायला आलेल्या सगळ्यांना सांगितलं. मग चौकीवर गेलो, जबाब दिला, तुमचं पत्रही दिलं. ते रेवणप्पांना बोलावतील. कारखान्यातही कळेल. त्याचं मला वाईट वाटतं.

घरी येऊन दानम्मालाही सांगितलं, तांब्या मीच दाखवला होता, चौकीवर तसं कबूल करून आलो. वाटलं, आता तरी ती रडेल. तिनं एवढंच विचारलं, इतके दिवस माझ्या हातचं जेवत होता, तेव्हा घास कसा उतरत होता? तेव्हापासून ती स्वयंपाक करते, ताट वाढते आणि बाहेर जिन्यावर जाऊन बसते.

तुम्ही दोघं या. तिला तुमच्याबरोबर मोहोळला यायचं असलं तर मी अडवणार नाही. परत यायचं की नाही, तेही तिनंच ठरवावं.

लोभ ठेवा असं लिहायचा हक्क मला राहिलेला नाही.
विरुपाक्ष