मोठ्या भावाचे बारा कॅमेरे

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार (खुर्चीतूनच, आडवं पडायला परराष्ट्र खात्यात जागा नाही). तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनीचा खोकला थांबला का? इथे मला एका जागी बसवत नाही. तीनदा उठून खिडकी उघडली, तीनदा लावली. सोमवारपर्यंत एका पत्राचा मसुदा द्यायचाय. तो जमला नाही, तर शेजारच्या चिमुकल्या देशाबरोबरचा संयुक्त सागरी गस्तीचा करार माझ्या चार वर्षांच्या घासाघिशीसकट पाण्यात.

झालं असं, की आपला देश स्वतःला या भागातला मोठा भाऊ समजतो (भाषणात तर दर तिसऱ्या वाक्याला). त्याच मायेपोटी आम्ही त्यांच्या बंदरावर बारा कॅमेरे बसवून दिले. फुकट. न विचारता. मायेत कसलं आलंय विचारणं? काल सह्या व्हायच्या, तर त्यांच्या सचिवबाईंनी पेन उघडून विचारलं, "तस्कर समुद्रातून येणार, मग यातले नऊ कॅमेरे आमच्या कचेरीकडे का बघतात?" आमचे साहेब म्हणाले, "तुमच्याच काळजीपोटी हो!" "आणि चित्र कुठे दिसतं?" "आमच्याकडे. तुम्ही कशाला डोळे शिणवता?" बाईंनी पेनाला टोपण लावलं. जाताना मला म्हणाल्या, "तुम्हाला मोठा भाऊ आहे का हो?" म्हटलं, आहे. "मग तुम्हाला काय सांगायचं!"

साहेब तेव्हापासून धुमसताहेत. एवढं करून वर आमचीच भीती वाटते, उपकाराची जाण म्हणून नाही, वगैरे. मी मसुद्यात लिहिलं : कॅमेरे समुद्राकडे वळवतो, चित्र तुम्हालाही दिसेल. त्यांनी खोडून लिहिलं : मोठ्या भावावर विश्वास ठेवा. मी पुन्हा लिहिलं, त्यांनी पुन्हा खोडलं. आता त्या जागी कागदाला भोक पडलंय, आणि सध्या तेवढाच मजकूर दोघांना मान्य आहे.

तब्येतीला जप.

तुझा धाकटा

ता. क. माझ्या दारावर तू मायेने लावलेला कॅमेरा जरा जिन्याकडे वळवशील? चोर जिन्यानेच येतील. परवा मी पिशवीतून काय आणलं, ते माझ्या बायकोला माझ्याआधी वहिनीने सांगितलं. तू वळवलास, तर साहेबांना दाखवायला एक तरी उदाहरण मिळेल.

ता. ता. क. समोरच्याच दारात राहून पोस्टाने पत्र कशाला, म्हणशील. दाराखालून सरकवायला आलो असतो, तर मी वाकायच्या आत तू दार उघडून उभा असतास.