उजवी कूस

२ फेब्रुवारी

पोहोचलो एकदाचे. प्लोवदिव शहरातल्या तंबाखूच्या वखारीत माझं आणि वेल्कोचं, दोघांचंही काम सुटलं तेव्हा मी चांगली रडले होते. आज त्याच्या गावच्या घरी चुलीपाशी पाय पसरून बसले आहे आणि वाटतं, उगीच रडले. स्टेशनवर सासरे, रांगेलबाबा, गाडी घेऊन आले होते. माझ्याशी चार शब्द बोलले, घोडीशी मात्र वाटभर गप्पा. घोडीचं नाव कालिना. तांबूस, पोक्त, डोळे मोठे समजूतदार. तिनं माझ्या पोटाला नाक लावून वास घेतला, तेव्हा वेल्को म्हणाला की घरातल्या थोरलीनं तुला पसंत केलं, आता आईला घाबरायचं कारण नाही.

सासूबाई, म्हणजे त्सोना, अंगानं बारीक आणि जिभेला धार. आल्या आल्या घेवड्याची आमटी वाढली आणि विचारलं की शहरात पोटुशीला उपाशी ठेवायची पद्धत आहे का. सुईण मिन्काबाई शेजारीच राहतात. पोटाला हात लावून त्यांनी महिनाअखेरीचा वायदा दिला. बाळ तर आत्तापासूनच दुडक्या चालीनं निघालंय. मी खूष आहे.

९ फेब्रुवारी

आज चांगलाच तमाशा झाला. अंगणात कालिनाचा दोर आडवा पडला होता, मी बादली घेऊन तो ओलांडला. झालं, सासूबाईंच्या हातातली पिठाची परात पडली. गर्भारशीनं घोडीचा दोर ओलांडला की पोटातलं मूल घोडीच्या हिशेबानं चालायला लागतं म्हणे, आणि घोडीचे दिवस अकरा महिन्यांचे. शहरात दोर आडवे येत नाहीत वाटतं, असं मला ऐकवलं. मी म्हटलं, मग बाळंतविडा राहू दे, खोगीरच शिवूया. त्या हसल्या नाहीत.

उपाय आहे. दिवस उलटून गेले तर ओटीत जव घेऊन त्याच घोडीला खाऊ घालायचे. तिनं खाल्ले की तुझं तुला परत. एवढंच ना, म्हटलं. कालिना तर माझा रुमालसुद्धा खायला बघते.

८ मार्च

फेब्रुवारी सरला, कळांचा पत्ता नाही. मिन्काबाई म्हणतात पहिलटकरणीचं मागेपुढे होतंच, पण परवापासून त्यांनी थट्टा बंद केली आहे. सासूबाई टोमणे मारत नाहीत. तेच मला सोसत नाही.

मला हा सगळा खुळचटपणा वाटतो. तरी उद्या जव घालणार आहे. बाळ मजेत आहे. त्याची लाथ आता मी ओळखते: तिरकी, टाच घासत बरगडीखालून जाणारी.

९ मार्च

कालिनानं जवाला तोंड लावलं नाही. ओटी तिच्या नाकाखाली धरली तर मान वळवून स्वतःच्या उजव्या कुशीकडे बघत राहिली, खुरानं जमीन उकरली आणि खाली बसायला लागली. रांगेलबाबा धावत आले. पोटशूळ. अशा घोड्याला लोळू द्यायचं नाही, आतड्याला पीळ पडतो. फिरवत ठेवायचं, तेल पाजायचं आणि मधूनमधून कुशीला कान लावायचा. गुडगुड ऐकू आली तर आतडं चालू आहे. गप्प असेल तर काही खरं नाही.

वेल्को जनावरांच्या डॉक्टरला आणायला खालच्या गावी गेला. बर्फ वितळून ओढा फुगला आहे, गाडी जाणार नाही म्हणून चालतच गेला.

दुपारी कालिना मटकन बसली. त्याच क्षणी माझं पोट दगडासारखं झालं. तिला उठवलं, माझंही सैल पडलं. योगायोग असेल. पण तेव्हापासून बाळ हललेलं नाही.

१० मार्च

वेल्को आला नाही. रांगेलबाबा चालून चालून थकले, म्हणून सकाळी दोर मी धरला. अंगणात फेऱ्या घालता घालता कुशीला कान लावला.

गुडगुड नव्हती. टकटक होती. बारीक, भरभर, उशीखाली ठेवलेल्या घड्याळासारखी. घोड्याचं काळीज असं चालत नाही, आणि ते तिथे नसतं.

हात ठेवला. आतून लाथ बसली. तिरकी. टाच घासत गेली.

रांगेलबाबांना बोलावलं. त्यांनी कान लावला आणि म्हणाले, आत सगळं गप्प आहे. अठरा वर्षांची म्हातारी ती, तिला कसलं बाळ, पोरी. मायेनं म्हणाले. मग मिन्काबाईंनी माझ्या पोटाला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. शेवटी विचारलं, सकाळी काय खाल्लंस? नुसतं गुडगुडतंय.

सासूबाई उठून बाहेर गेल्या.

११ मार्च, सकाळ

घोडीचं पोट ढोलासारखं फुगलंय. मी ओटी पसरून तिच्यासमोर बसले आहे. जव. मध लावलेले जव. ओठ उघडून आत सारले — गळून पडतात. खा ग बाई. पाया पडते, एक दाणा तरी.

वेल्को नाही.

दुपार

रांगेलबाबा दाभण तापवतायत. उजव्या कुशीत टोचून वारा काढणार. मी मध्ये आडवी पडले, सासूबाईंनी धरून बाजूला केलं.

"वारा काढला नाही तर घोडी संध्याकाळ बघणार नाही," रांगेलबाबा म्हणाले. "आणि ती गेली तर तुझं तुला कोण परत देणार?"

खरं आहे ते. टोचू नका म्हटलं तर ती मरेल आणि बाळ आतच — आणि टोचा म्हणू? कोणत्या तोंडानं —

डावीकडे टोचा, म्हटलं. वारा उजवीकडे असतो, म्हणाले.

कान लावला. टकटक आहे. अजून आहे.

नंतर

घोडी वाचली. वारा सुटला, तिनं लीद टाकली, उठून उभी राहिली. रांगेलबाबा रडतायत. सासूबाईंनी माझ्या ओटीत जव घातले, कालिनानं एक दाणा ठेवला नाही. आणि मला पहिली कळ आली.

सगळे आनंदात. तुझं तुला मिळालं ग, सासूबाई म्हणतात, माझे पाय चोळतायत.

दाभण आत गेलं तेव्हा, वारा सुटायच्या आधी, एक आवाज झाला. बारीक. मी एकटीनंच ऐकला. नंतर कान लावला. नुसती गुडगुड. छान गुडगुड.

कळा लागोपाठ —

पाणी तापलंय. मिन्काबाई म्हणतात वही ठेव, जोर लाव. मी गुडघे घट्ट जुळवलेत. लावणार नाही जोर. आत आहे तोवर बघावं लागणार नाही, त्याच्या उजव्या कुशीत —

गुडघे ओढतायत माझे. दोघी मिळून. डोकं आलं म्हणतात, काळे केस आहेत म्हणतात, आता खांदा, आता —