मेघनाची दीर्घिका

रविवार, संध्याकाळ. रेवस, आईकडे.

दुपारी मेघनाचा फोन आला. माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी. आवाज इतका बारीक की आधी वाटलं, आजारी आहे.

"मॅडम, ती दीर्घिका चकतीसारखी आहे. नीट फिरणारी. मी पुन्हा पुन्हा तपासलं."

इतक्या लांबची दीर्घिका, म्हणजे तिचा आज पोचलेला प्रकाश विश्व अगदी कोवळं असतानाचा. तेव्हा सगळ्याच वेड्यावाकड्या असणार, चकती घडायला फार काळ लागतो, हे मी नोकरीभर शिकवत आले. माझं नाव झालं तेच मुळी त्यावर. 'उद्या बोलू' म्हणून फोन ठेवला आणि तिने पाठवलेल्या चित्रात, आकडेमोडीत चूक शोधत बसले. सापडली नाही. सापडावी असं वाटत होतं का? हो.

आई अंगणात सुके बोंबील काढत होती. तिला सांगितलं.

"मंग पोरीचं चुकलंय?"

"नाही. माझं."

"तिला सांगितलंस?"

"उद्या सांगेन."

"उद्या कशाला? ती पोर जेवली पन नसंल."

लगेच फोन लावला. म्हटलं, तुझं बरोबर आहे. लेख छापायला पाठव, आणि माझं जुनं अनुमान चुकलं असं त्यात स्पष्ट लिही.

"मॅडम, तुम्हाला वाईट वाटलं?"

"वाटलं. आता जेव जा."

मग त्या दीर्घिकेचं चित्र पुन्हा उघडलं, या वेळी चूक शोधायला नव्हे. ती चकती खरंच सुंदर आहे. इतक्या लवकर घडली कशी? मला माहीत नाही. हे वाक्य किती वर्षांनी लिहितेय मी.