ग्रीससाठी घेतलेला बाम

शुक्रवार, संध्याकाळ. ऊद मेथा

आखातातल्या माझ्या बंधुभगिनींनो, आपली सुट्टी कधी आपली नसतेच, ती गावाकडच्या लग्नांची आणि बारशांची असते. मंडळातल्या माझ्या भाषणात या वाक्याला टाळ्या पडतात. आज ते मलाच टोचलं.

यंदाची सुट्टी आमची होती. विनय आणि मी, नवरा-बायको, पाठीवर सॅक टाकून स्वस्तात ग्रीस फिरणार होतो. हॉस्टेलात झोपायचं, पाव आणि ऑलिव्ह खायचे. रमझानात विनय हार्ट अटॅकनं गेला.

आज त्याची सॅक उघडली. निम्मी बामच्या बाटल्यांनी भरलेली, गावी जाताना वाटायला नेतो तशा. तो भरत होता तेव्हा मी हसले होते, "अरे, आपण गावी नाही चाललोय."

"म्हणून काय कुणाच्या दारी रिकाम्या हातानं जायचं?"

अथेन्सच्या हॉस्टेलवाल्याला बाम. असं कोण करतं? विनय करतो. करायचा.

लेक दारात येऊन थांबली. "आई, शुड आय कॅन्सल युअर टिकट टू?"

व्यासपीठावर कधी न अडखळलेली मी बाटल्याच मोजत बसले, तशी ती पलीकडच्या खोलीत निघून गेली.

बाई, रडायचं तर रड. पण आत्ता ऊठ, पलीकडच्या खोलीत जा आणि लेकीला सांग, माझं तिकीट राहू दे.