साल असलेलं फळ

आई,

यंदाही नाताळच्या आधी बिशपांचं पत्र आलं. चर्चमध्ये मिस्सेच्या वेळी ते वाचताना फादरांनी "माझ्या प्रिय बंधुभगिनींनो" असं सुरू केलं आणि माझी मांडी आपोआप आखडली. तू असतीस तर पदर तोंडाशी धरून पुटपुटली असतीस, "आला बघ प्रिय. आता मागंल." आणि मागणं आलं की माझ्या मांडीला चिमटा. मोठ्या माणसानं आपल्याला प्रेमानं लिहिलं, यावर तुझा कधी विश्वासच बसला नाही. आता माझे केस पिकायला लागलेत, तरी तो चिमटा गेलेला नाही.

या वेळचं मागणं वेगळं होतं. मतदार यादीत आपलं नाव आहे का बघा, मोबाईलवर आलेलं शहानिशा न करता पुढे पाठवू नका, इथवर मी मान डोलावत होते. मग पुढे होतं की चांगला नागरिक आधी चांगला शेजारी असतो, तेव्हा ज्या दारावर तुम्ही कधी थाप मारली नाही तिथे या नाताळला घरी केलेलं काही घेऊन जा. मला क्षणभर शंका आली, यांना कुणी माझ्याबद्दल सांगितलं की काय? बिशपांचं काय जातं गं. त्यांच्या दारासमोर बाग आहे. माझ्या दारासमोर ती आहे.

ती म्हणजे समोरच्या फ्लॅटमधली. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी माझ्याकडे पाच-सहा बायका रोझरीच्या प्रार्थनेला यायच्या. एकीला दिसत नाही, दोघींचे गुडघे गेलेले. पावसाळ्यात सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरीनं टाकलं, 'काही घरी बाहेरचे लोक जमतात अशी एका सभासदाची तक्रार आहे.' आमच्या मजल्यावर दोनच दारं. कोण येतं, कोण जातं, हे तिच्याशिवाय कुणाला दिसणार? मी विचारलं नाही. बायकांनीच येणं बंद केलं. जिला दिसत नाही ती म्हणाली, "नको गं बाई, आपल्यापायी तुला ताप." आता पहिल्या शुक्रवारी मी एकटीच माळ ओढते, आणि अर्धं लक्ष जिन्याकडे असतं.

करंज्यांचं सारण भाजायला घेतलं आणि तुझी आठवण आली. खरं तर तुझ्या एका जुन्या गोष्टीबद्दल संशय आला. आपण नाशिकरोडच्या चाळीत होतो तेव्हा तू दर नाताळला पंचवटीच्या बाजारातून संत्री आणि केळी आणून शेजारी वाटायचीस. लाडू, करंज्या, शंकरपाळे फक्त आपल्या माणसांत. मला लाज वाटायची. शेजारच्या काकूंकडून दिवाळीला भरलेलं ताट यायचं आणि आपण त्यांना संत्री द्यायची! एकदा मी गुपचूप बशीत करंज्या भरल्या तर तू मनगट धरलंस. "साल असलेलं द्यावं. साल त्यांची ते काढत्यात. आपला हात लागल्याला भाग जातो."

त्या दिवशी सगळं सांगितलंस. माझ्या जन्माआधीच्या नाताळला, असंच कुठलंसं पत्र ऐकून, तू काकूंकडे करंज्या नेल्या होत्यास. दुसऱ्या दिवशी त्या कचऱ्याच्या पिंपात दिसल्या. सगळी चाळ कातणानं करंजी कापायची, तू एकटी हातानं मुरड घालायचीस, म्हणून ओळखायला वेळ लागला नाही. "आपण ख्रिस्ती झालो तरी आपली वस्ती कुठली व्हती, हे तिला ठावं व्हतं," म्हणालीस, आणि बशी परत फडताळात ठेवलीस.

पण आई, तू काकूंना कधी विचारलंस का? त्यांच्या सासूनं टाकल्या असतील. मुंग्या लागल्या असतील. तू विचारलं नाहीस, आणि मग कितीतरी वर्षं त्यांच्या दिवाळीच्या ताटाला मात्र नाही म्हणाली नाहीस. हे मी तुला तेव्हा बोलले असते तर लाटणंच बसलं असतं.

नाताळच्या दुपारी मी समोरची बेल वाजवली. एका हातात करंज्यांचा डबा, मुरड घातलेल्या, आणि दुसऱ्या हातात संत्र्यांची पिशवी. कुठला हात पुढे करायचा ते दार उघडेपर्यंत ठरत नव्हतं. तिनं दार उघडलं, तिच्या हाताला पीठ होतं. माझ्या मागे आणखी कुणी आहे का, ते तिनं आधी पाहिलं.

"मेरी ख्रिसमस हं ताई! या ना."

"नाही, घाई आहे. हे..." मी म्हटलं आणि डबा पुढे गेला. पिशवी पाठीमागे राहिली.

"अय्या, करंज्या? तुमच्यात पण करतात?" ती हसली. "मला वाटलं नुसता केक."

तुमच्यात. हा शब्द घेऊन मी घरी आले आणि संत्री एकटीनं खाल्ली.

आज सकाळी घंटागाडी आली. माझा कचऱ्याचा डबा अर्धा रिकामा होता, तरी मी खाली गेले. ती पुढे उभी होती. तिनं ओला कचरा उलटा केला आणि मी मान लांब करून पाहिलं. मटारची सालं, चहाचा चोथा, मेथीच्या काड्या. मुरड कुठे दिसली नाही.

"काय ताई, काही पडलं का?"

"नाही, नाही."

"तुमचा डबा देते हं संध्याकाळी. आमच्या ह्यांनी रात्रीच संपवला. आणि ते पहिल्या शुक्रवारचं बंद का झालं हो? त्या आजी दिसत नाहीत हल्ली."

खरंच विचारत होती की अंदाज घेत होती, मला कळलं नाही. तुला कळलं असतं, किंवा तुला कळलंय असं तू मला पटवलं असतंस. मी म्हटलं, "होईल सुरू." म्हणून टाकलं खरं, आता त्या सगळ्यांना फोन करायला हवेत.

हे पत्र तुझ्या कबरीवर ठेवणार नाही. प्रेमानं लिहिलेल्या पत्राचं तू काय करायचीस ते मला माहीत आहे. फक्त एवढंच सांगते, संध्याकाळी डबा येईल. आणि उद्या घंटागाडी आली की मी पुन्हा खाली जाणार आहे.